काटा मधेच थांबलेला

प्रिय मेदेरदादा,

गाडी आता नीट चालते. हे आधीच सांगून टाकते, कारण आईशी फोनवर बोलताना तू सगळ्यात पहिलं तेच विचारतोस. आई "छान चालतेय रे" म्हणते, फोन ठेवते आणि माझ्याकडे न बघता चहाची किटली शेगडीवर चढवते. तिच्या उजव्या पायाची जखम भरत आली आहे. करंगळी आणि शेजारचं बोट होतं तिथली कातडी अजून गुलाबी आहे. गार पाण्याचा थेंब पडला तरी ती दात आवळते. हे तू विचारलं नव्हतंस, मीच सांगते.

तू गाडी दिलीस तो दिवस माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. अझिमला जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या वर्षाच्या जेवणाला सगळं गाव आपल्या अंगणात होतं. कढया उकळत होत्या, बायका पिठाचे बोर्सोक तळत होत्या, आणि तू शहरातून ती निळी गाडी घेऊन आलास. जर्मनीतून कधीकाळी आलेली, कुणाकुणाच्या हातांतून फिरलेली. पण तू तिला इतकी चकचकीत करून आणली होतीस की दारात पोरं आपले चेहरे बघत होती. सगळ्यांसमोर तू किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालास, "माझी बहीण नवऱ्यामागं कुणाच्या दारात उभी राहणार नाही. गावातली माणसं कोचकोरच्या बाजाराला जातात, त्यांना ती ने-आण करेल. बाबांची लेक आहे, स्टेअरिंग तिला शिकवावं लागत नाही." म्हाताऱ्यांनी तळहात पसरून तुला आशीर्वाद दिले. माझ्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा." मी रडले. त्यात अझिमचं दुःख थोडं होतं, तुझ्याबद्दलची माया जास्त होती.

उन्हाळाभर मी नारीनच्या सपाट रस्त्यावर गाडी चालवली आणि तिनं कुरकूर केली नाही. पण आपल्या गावाला बाजार म्हणजे कोचकोर, आणि कोचकोर म्हणजे दोलोनची खिंड. बाबांनी कोळशाचा ट्रक घेऊन जी खिंड आयुष्यभर ओलांडली, तीच. पहिल्यांदा मी तिकडची फेरी लावली, त्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते तर आई पुढच्या सीटवर शाल पांघरून बसलेली. आपल्या आईला गाडीचं किती वावडं ते तुला माहीत आहे. बाबांच्या ट्रकमध्ये ती माहेरी जायची तेव्हासुद्धा ओकारीसाठी पिशवी हातात धरून बसायची. मी म्हटलं, "आई, तू कुठं निघालीस?" ती म्हणाली, "बाजाराला." "काय आणायचंय? मी आणते की." "काही आणायचं नाही. बघायचाय बाजार." मग पुढच्या फेरीलाही ती बसली, त्याच्या पुढच्याही. एक सीट कायमची गेली म्हणून मी वैतागायचे. चढ लागला की ती कुर्तचा, सुकवलेल्या खारट दह्याचा खडा तोंडात धरायची, डोळे मिटायची आणि खिंडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत उघडायची नाही. मी चिडून म्हणायचे, "एवढं सोसवत नाही तर येतेस कशाला?" ती म्हणायची, "तू पुढं बघून चालव."

गाडी पहिल्यांदा उकळली ती त्या चढावरच. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती आणि समोरचा गरमीचा काटा मात्र बरोबर मधे उभा. मी थांबले, गाडी निवू दिली, पाणी भरलं आणि तुला फोन लावला. तुझ्या मागं शहरातल्या गाड्यांच्या बाजारातली माणसं हसत होती. तू म्हणालास, "काटा मधे आहे ना? मग इंजिन थंड आहे, बाई. तू गाडी चालवतेस की चहाचं आधण ठेवतेस? गिअर मोठा लावून चढवत असशील." मी म्हटलं, "दादा, बाबांनी मला तुझ्याआधी खिंड चढवायला बसवलं होतं." तू म्हणालास, "मग झाकण बदल. पाण्याच्या टाकीचं झाकण ढिलं असेल, दाब राहत नसेल."

झाकण बदललं. गाडी पुन्हा उकळली. मग तू म्हणालास, थर्मोस्टॅट, पाण्याची वाट उघडणारी झडप अडकली असेल. मी तो काढला आणि आईच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला. पाणी उकळायला आलं तसा तो फुलासारखा उघडला, पाणी निवलं तसा मिटला. त्याच्यात काहीच खोट नव्हती. आई शेजारी उभी राहून बघत होती. "हे नाही का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हे नाही." ती म्हणाली, "बघ, बघ अजून. सापडेल." तेव्हा मला वाटलं, तिला माझ्या धंद्याची काळजी आहे.

तुला आठवतं का, बाबा आपल्याला पान्हा हातात द्यायच्या आधी काय करायला लावायचे? गाडी तापली की आधी रेडिएटरचे दोन्ही पाइप हातानं चाचपायचे, वरचा आणि खालचा. "आधी हात लाव, मग तोंड उघड," असं म्हणून ते तुझ्या डोक्यात टपली मारायचे, कारण तू नेहमी आधी तोंड उघडायचास. मी हात लावला. वरचा पाइप चटका देत होता, खालचा गार. म्हणजे पाणी रेडिएटरमधून फिरतच नव्हतं. रेडिएटर उतरवून धुतला तर आतून तपकिरी चिखल निघाला, आणि त्यात चांदीसारखे चकाकणारे कण. गळती तात्पुरती बुजवायला लोक जी पावडर पाण्यात ओततात, ती. कुणीतरी एक नाही, दोन-चार डबे ओतले असतील. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "आधीच्या मालकानं घातलं असेल. जुन्या गाड्यांत असं निघतंच. आता धुतलास ना? झालं तर मग."

आणि खरंच, पुढं थोडे दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. मी तुझं कौतुकसुद्धा केलं गावात, की दादा फोनवरून दुरुस्ती सांगतो.

थंडी पडली तशी हीटरमधून गार हवा यायला लागली. टाकीतलं पाणी कमी व्हायचं, पण गाडीखाली एक थेंब सांडलेला दिसायचा नाही. मला ते बरं वाटेना. पाणी जमिनीवर जात नसेल तर हेडला भेग पडून इंजिनाच्या पोटात जात असणार, एवढं मला कळत होतं. मी तुला तसं विचारलंही. स्पष्ट विचारलं, "दादा, हेडमध्ये तर काही नाही ना? तू उघडून बघितलं होतंस का?" तू म्हणालास, "हेड एकदम निरोगी आहे. हीटरची नळी तुंबली असेल. गुडघ्यावर घोंगडी घे आणि चालव." तू असं म्हणालास म्हणून मी चालवली.

त्या दिवशी कोचकोरहून परत येताना माझ्या गाडीत आपल्या गावच्या दोघी जणी होत्या, आणि पुढं आई. माथा दिसायला लागला होता, तेवढ्यात इंजिनानं दम सोडला. काटा मधेच होता, दादा. वाफेनं समोरची काच पांढरी झाली तरी काटा मधेच. मी गाडी कडेला घेतली. ब्रेकवर भरवसा नको म्हणून आई खाली उतरली, पुढच्या चाकाला दगड लावायला. मी बॉनेट उघडलं आणि त्याच वेळी वरचा पाइप फुटला. मी बाजूला उडी मारली. उकळतं पाणी खाली सांडलं, ते वाकलेल्या आईच्या बुटांवर. दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे जाड बूट म्हणून पाय भाजले नाहीत. पण बूट आतपर्यंत भिजले, आणि दोलोनवर हिवाळ्यात वारा कसा असतो ते तुला मी काय सांगू.

एक कोळशाचा ट्रक आला. चालक म्हणाला, "पुढं तिघींना जागा आहे, चौथी मावणार नाही." मी आईला म्हटलं, तू जा. त्या दोघींनी तिला हाताला धरून ओढलं. ती म्हणाली, "मी माझ्या पोरीला इथं टाकून जाणार नाही." चालक वैतागला, "आजी, थंडीनं मराल." ती म्हणाली, "गाडी आमची आहे, आम्ही बसू." मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्यावर ओरडले. ती गाडीत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. ट्रक गेला. फोनला रेंज नव्हती. मी तिचे बूट काढले, तिचे पाय माझ्या कोटाच्या आत पोटाशी घेतले आणि चोळत बसले. आधी ती कण्हत होती, मग म्हणाली, आता दुखत नाही. गोठलेला पाय दुखायचा थांबला की तो मरायला लागलेला असतो, म्हणून मी अजून जोरात चोळलं. रस्त्यावरचा बर्फ काढणारे लोक त्या चालकाच्या निरोपावरून आले तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं.

नारीनच्या दवाखान्यात तिची दोन बोटं काढली. तू आला नाहीस. बाजाराचे दिवस आहेत, म्हणालास. तू संत्र्यांची पेटी पाठवलीस आणि नवे बूट, आतून लोकर असलेले. आणि गावात फोन करून काय बोललास तेही माझ्या कानावर आलं. "चूक माझीच. गाडी बाईमाणसाच्या हातात द्यायला नको होती." तेव्हापासून बायका माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलतात. आईला खिंडीत गोठवून आणणारी मी. माझ्या गाडीत बसायला कुणी येईना. ती गाडी ओढून आणून अंगणातल्या गोठ्यात टाकली होती. हिवाळाभर मी तिच्याकडे बघितलं नाही.

बर्फ वितळायला लागल्यावर एक दिवस उठले, बाबांचे पान्हे काढले आणि गोठ्यात गेले. ऑइलचं झाकण उघडलं तर खाली सायीसारखा पांढरा थर. पाणी आणि ऑइल एकत्र झालेलं. प्लग काढले, तीन काळे, एक धुतल्यासारखा स्वच्छ, कारण त्याच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं. मग इंजिनावरचं हेड उतरवलं. दोन झडपांच्या मधे भेग होती, आणि तिच्यात धातूचा लगदा भरून, वरून घासून, हाताला लागू नये असा गुळगुळीत केला होता. उन्हात तिरपं धरलं तेव्हाच दिसलं. हे आपोआप होत नाही. हेड कुणीतरी उतरवलं होतं, भेग बघितली होती, बुजवली होती आणि पुन्हा बसवलं होतं.

तरी मी म्हटलं, आधीचा मालक. विश्वास ठेव, गोठ्यात एकटी उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, आधीचा मालक. मग तो काटा का हलत नव्हता ते बघायला मी डॅशबोर्डच्या मागं हात घातला. काट्याच्या वायरमध्ये रेझिस्टरचा एक छोटा तुकडा जोडला होता. इंजिन कितीही तापो, काटा मधेच राहील असा. त्यावर टेप होती. टेप सोलली. टेपच्या खाली वायरींचा पीळ उलटा दुमडलेला होता आणि त्यावर मेण लावलेला दोरा, खोगीर शिवायचा. बाबा आपल्याला असाच जोड करायला शिकवायचे, खिंडीतल्या धक्क्यांनी सुटू नये म्हणून. बाकीचे सगळे नुसती टेप गुंडाळतात. असा जोड करणारी माणसं जगात तीन होती, त्यातले बाबा गेले. मी तो केला नव्हता.

आई लंगडत चहा घेऊन आली. माझ्या हातातला दोरा तिनं बघितला. तिनं वाटी खाली ठेवली, चाकाला टेकून बसली आणि म्हणाली, "मला त्यानं सांगितलं होतं."

अझिमच्या जेवणाच्या दिवशी, सगळे आशीर्वाद देऊन झाल्यावर, तू तिला घरामागं नेलंस. तू म्हणालास, "आई, नारीनपर्यंत ठीक आहे. पण खिंडीवरून तू त्या गाडीत बसू नकोस." आईनं विचारलं, "का रे?" तू म्हणालास, "जुनी आहे. चढावर त्रास देईल." आईनं विचारलं, "आणि कुमुश?" तू म्हणालास, "ती बाबांची पोर आहे, काहीतरी करेल. तिला काही सांगू नकोस, उगाच घाबरेल."

मी आईला विचारलं, "आणि तू मला सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "काय सांगू? सगळ्या गावासमोर त्यानं किल्ली दिली होती. तुझ्या भावाचं तोंड काळं करू?" मग म्हणाली, "म्हणून मी बसायचे. वाटायचं, मी आत असले तर त्याच्या जिवाला लागेल. तो येईल आणि गाडी घेऊन जाईल. दर वेळी मी त्याला फोनवर सांगत होते."

ते फोन मी ऐकले आहेत, दादा, फक्त त्यांचा अर्थ मला कळत नव्हता. दर बाजारानंतर ती तुला सांगायची, "आज खिंडीवरून जाऊन आले." मला वाटायचं, म्हातारी बाजार बघितल्याचा आनंद सांगतेय. ती तुला विनवत होती. मी तिला विचारलं, "तो काय म्हणायचा?" तिनं चहाची वाटी माझ्याकडे सरकवली. "म्हणायचा, शाल नीट गुंडाळून बस."

मी तुला तेव्हाच फोन करणार होते. आईनं माझा हात धरला. गावात कुणाला कळता कामा नये, असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं. तिच्या पायाकडे बघून मी ते दिलं. नारीनच्या भंगारातून एका मोडलेल्या गाडीचं हेड आणलं, घासून बसवलं. तुझा तो तुकडा काढून टाकला. आता काटा हलतो. चढावर वर जातो, उतारावर खाली येतो. पहिल्यांदा तो हलताना बघितला तेव्हा रस्त्याच्या कडेला थांबून मी बराच वेळ स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले होते. माणसं हळूहळू पुन्हा माझ्या गाडीत बसायला लागली आहेत. बाईला आता जमायला लागलं, असं म्हणतात.

हे सगळं मी पोटात ठेवून जगले असते. पण परवा शेजारचा ओरोझ आला, तोंडभर हसत. तुझ्याकडून दुसरी एक गाडी घेतोय म्हणाला. त्यालाही खिंडीवरून माणसं न्यायची आहेत, आणि बायकोचे दिवस भरत आले की तिला त्याच गाडीतून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. तू त्याला म्हणालास, "कुमुशला विचार, माझी गाडी कशी आहे." आणि मग तुझा मला निरोप आला, की दोन शब्द चांगले बोल. मी ओरोझला अजून काहीच बोललेले नाही. वचन दिलंय. पण तो अंगणातून निघाला तेव्हा आई लंगडत त्याच्या मागं फाटकापर्यंत गेली. मला वाटलं, आता सांगेल. तिनं त्याला एवढंच विचारलं, "खिंडीवरून जाशील तेव्हा पुढच्या सीटवर मला बसवशील का, बाळा? मला बाजार बघायला आवडतो." गावात बोलायचं नाही असं मी कबूल केलंय, तुला लिहायचं नाही असं केलेलं नाही. म्हणून हे पत्र. ती गाडी ओरोझला देऊ नकोस. ती घेऊन तू आलास, तर माझं वचन मी त्याच अंगणात मोडेन. सगळ्यांसमोर बॉनेट उघडेन आणि डॅशबोर्डच्या मागं हात घालेन. आईला त्याचं काय वाटेल ते मी सोसेन. आणि त्या गाडीत काही खोट नाही असं तुझं म्हणणं असेल, तर एक कर. ती गाडी बाजारात दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, दोलोनवरून स्वतः चालवत आण. आईला आधी कोचकोरला नेऊन ठेवते. ती तुझ्या शेजारी बसेल.

तुझीच, दुसऱ्या कुणाची म्हणवून घेता येत नाही म्हणून,
कुमुश